पक्ष्यांच्या खोलीत बोलायचं नाही

तिच्या आईच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की औषधाच्या दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आलेलं गिऱ्हाईक डोकेदुखीचंही घेऊन जायचं. अशा बाईच्या पोटी अडखळत बोलणारी मुलगी यावी, याला आत्या दैवाची थट्टा म्हणायची आणि आईच्या ते जिव्हारी लागायचं. मुलगी मुकी नव्हती, मंद तर मुळीच नव्हती. शब्द आत सगळे तयार असत. पण पहिलं अक्षर ओठांशी आलं की दारात अडकलेल्या कपाटासारखं अडकून बसे, आणि मागच्या सगळ्यांचा खोळंबा होई.

आई मदतीला धावायची. पोरीचं "प... प..." सुरू झालं की आई विचारायची, पाणी हवंय? पेन? पाय दुखतोय? त्यातलं एखादं बरोबर असेल त्याला मुलगी मान हलवायची. बरोबर नसलं तरी हलवायची, कारण पुन्हा "प"पासून सुरुवात करण्यापेक्षा पाणी पिऊन टाकणं सोपं होतं. असं नको असलेलं पुष्कळ पाणी ती लहानपणी प्यायली. शाळेतल्या बाई, शेजारच्या काकू, बसचा कंडक्टर, सगळेच तिच्या तोंडातला शब्द काढून घेत आणि वर मायेने हसत. दयाळू माणसांइतकी घाई कोणालाच नसते. त्यांच्यावर रागावायचीही सोय नसते.

कॉलेजात ती विज्ञान शाखेला आली ती मूग गिळून बसायच्या तयारीनेच. पण प्राणिशास्त्राच्या मजल्यावर वन्यजीव मंडळाची पाटी होती आणि नव्या मुलांना बोलावलं होतं. वन्यजीव मंडळ म्हणजे गळ्यात दुर्बीण अडकवून फोटो काढून घेणाऱ्यांचा घोळका, असं बाकीचं कॉलेज समजे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. तरी त्यातली काही पोरं खरोखर राबायची. तळ्यातलं प्लास्टिक काढायची, शाळाशाळांतून आणि वसाहतींतून साप, वटवाघूळ, घुबड अशा बदनाम मंडळींची बाजू मांडायची, तारेत अडकलेला नाहीतर घरट्यातून पडलेला पक्षी कोणी आणला तर तो बरा करून सोडायची. मंडळात नाव घातलं की एका प्राण्याचं नाव मिळे. अध्यक्षाला सरडा म्हणत, कारण त्याचं मत चहाआधी एक असे आणि चहानंतर दुसरं. मंडळ सांभाळणाऱ्या मॅडम पाठीमागे मुंगूस होत्या, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

ओळख करून द्यायची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि नेहमीप्रमाणे अडली. थोडं थांबून सगळे हसले, वाईट मनाने नव्हे. भिंतीशी काचेच्या टाकीत गप्पी मासे होते. त्यांच्याकडे बघत कोणीतरी म्हणालं, ही आपली गप्पी. तिने मुकाट्याने ते नाव घेतलं. "ग"वर ती कधी अडत नसे, त्यामुळे हे नाव तिला स्वतःच्या नावापेक्षा परवडत होतं.

ती दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरकली नसती. पण त्याच संध्याकाळी मॅडमनी नव्या मुलांना बोळाच्या टोकाची एक जुनी कोठार-खोली दाखवली. आत जाळीचे पिंजरे होते, फळ्या होत्या, औषधाचा आणि कच्च्या मांसाचा मिसळलेला वास होता. दारावर कागद चिकटवला होता: आत बोलायचं नाही. मॅडमनी बाहेरच उभं राहून हलक्या आवाजात कारण सांगितलं. पिल्लाला भरवताना माणसाचा चेहरा दिसला, माणसाचा आवाज कानावर पडत राहिला, तर ते माणसालाच आपलं समजतं. पुढे ते माणसाला भीत नाही, आणि जो पक्षी माणसाला भीत नाही तो जगत नाही. म्हणून आत जाताना डोक्यावरून चादर घ्यायची, डोळ्यांपुरती भोकं ठेवायची, मांसाचा तुकडा चिमट्याने द्यायचा आणि तोंडातून हूं की चूं काढायचं नाही. जीव लावायचा तो मनात, असं मॅडम म्हणाल्या.

गप्पी त्या दारासमोर खिळून राहिली. न बोलणं हा गुण ठरावा अशी एक खोली जगात होती, आणि ती तिच्या वर्गापासून दोन जिन्यांवर होती.

तिथून तिने ती खोली सोडली नाही. बाकीची पोरं आत गेली की कोणाला शिंक यायची, कोणाला हसू फुटायचं, सरड्याला तर "अरे बापरे" म्हटल्याशिवाय जखमेकडे बघताच येत नसे. गप्पीच्या तोंडून आवाज येत नसे. पक्षी तिच्या हातून लवकर खात. दारावरचा कागद फाटला तेव्हा नवा कागद तिनेच लिहिला, कारण तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. मॅडम एकदा बोलून गेल्या, मौनं सर्वार्थसाधनम् म्हणतात ते आमच्या गप्पीला बघूनच. ती घरी जाईपर्यंत हसत होती.

वार्षिक परीक्षा संपल्या आणि सुट्टी लागली, तेव्हा मोबाइलचा टॉवर दुरुस्त करणारा एक माणूस आपल्या हेल्मेटात घारीचं पिल्लू घालून घेऊन आला. वरच्या दांड्यांत घरटं होतं, ते काढावं लागलं होतं. बाकीची दोन पडून मेली होती. पिल्लू म्हणजे मळकट पांढऱ्या लोकरीचा गोळा आणि त्याला न शोभणारी वाकडी चोच. बाहेरगावची मुलं घरी गेली होती. गप्पीचं घर जवळ होतं. मॅडमनी खोलीची किल्ली तिच्या हातात दिली.

पिल्लू खाईना. चिमट्यातला तुकडा चोचीपुढे धरला की मान फिरवायचं. सकाळ गेली, दुपार गेली. चादरीखाली गप्पीला घाम फुटला होता, हात भरून आला होता, आणि पिल्लाची मान हळूहळू खाली झुकायला लागली होती. तेव्हा ती म्हणाली, "खा गं."

म्हणाली आणि दचकून तिने मागे पाहिलं. कोणीतरी दुसरंच बोललं असं तिला वाटलं. पिल्लाने मान वर केली आणि चोच उघडली.

त्या एका घासावर तिने थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पिल्लाला सांगितलं की बाहेर ऊन फार आहे. तिसऱ्या दिवशी आत्याची तक्रार सांगितली. पुढे पुढे सांगायचं काही बाकी ठेवलं नाही तिने. लहानपणी "प"वर अडून प्यालेलं पाणी, आणि तेव्हा खरं म्हणजे तिला पतंग म्हणायचं होतं, हेसुद्धा. घास द्यायचा आणि बोलायचं, घास द्यायचा आणि बोलायचं. एकही अक्षर अडत नव्हतं. समोरच्याला घाई नव्हती, दया नव्हती, पुढचा शब्द सुचवायचा नव्हता. चादरीखालून वाक्यं नळाच्या पाण्यासारखी सरळ येत होती, आणि ती ऐकताना तिला स्वतःलाच रडू येई.

नियम तिला माहीत नव्हता असं कसं म्हणावं? तो तिच्याच अक्षरात दारावर होता. पण मन मोठं वकील असतं. आवाज हळू आहे, चेहरा तर दिसत नाही, थोडंसंच तर बोलते, असं ती स्वतःला पटवत राहिली. तरी चोराच्या मनात चांदणं. आत जाण्याआधी ती बोळाच्या दोन्ही टोकांना बघून घ्यायची.

आणि मग ते बाहेरही घडायला लागलं. दुकानात आई गिऱ्हाइकात गुंतलेली असताना फोन वाजला, तो गप्पीने उचलला आणि गोळ्या उद्या येतील असं सांगून ठेवला. आई औषधाची बाटली हातात धरून तशीच उभी राहिली. रात्रीच्या जेवणाला तिने बाबांना एक अख्खा विनोद सांगितला. विनोद टुकार होता, पण बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. अजून ती अडत असे, नाही असं नाही, पण आता अडली तरी कपाट तिरकं करून बाहेर काढता येत होतं. आईने कोणाकोणाला फोन केले याला सुमार नाही. तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

कॉलेज सुरू झालं. एका वसाहतीच्या सभागृहात मंडळाचा कार्यक्रम होता आणि ऐन वेळी सरड्याचा घसा बसला. गप्पी म्हणाली, मी बोलते. समोर मुलं, त्यांच्या आया, पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकवून बसलेले एक आजोबा. ती घारीवर बोलली. घार आपल्याला किती उपयोगी, उकिरड्यावर ती काय काय साफ करते, तिचं घरटं कसं असतं. जखमी पक्षी दिसला तर त्याला मारू नका, आम्हाला फोन करा, असं सांगून तिने क्रमांक दिला. मागच्या रांगेत आई बसली होती. प्रत्येक शब्दाबरोबर आईचे ओठ हलत होते, कुठे अडली तर पटकन देता यावा म्हणून. पण एकही द्यावा लागला नाही. कार्यक्रम संपल्यावर आई काही बोललीच नाही, आणि ही घटना त्या घरात पहिल्यांदाच घडत होती.

तोवर घार मोठी झाली होती. तपकिरी पिसं, खाचेची शेपटी, गच्चीवरच्या मोठ्या जाळीत ती या टोकाहून त्या टोकाला झेपावत होती. सोडण्याआधी मंडळाची एक परीक्षा असे. अनोळखी माणसाने जाळीत शिरायचं आणि पक्ष्याच्या दिशेने चालत जायचं. पक्षी बिथरला, दूर पळाला, तर पास. घारीची परीक्षा सरड्याने घेतली. तो चादरीविना आत गेला, दोन पावलं टाकली, आणि घार फडफडत पार वरच्या कोपऱ्यात जाऊन बसली. पास, असं सरड्याने बाहेर येऊन अंगठ्याने दाखवलं. सगळे खूश झाले, पण मुक्यानेच. जाळीजवळही बोलायचं नाही हा नियम सगळ्यांनी कसोशीने पाळला होता.

गप्पी जाळीबाहेर उभी होती. परीक्षा चुकली होती, हे तिथे फक्त तिला कळलं होतं. घार मुक्या माणसाला घाबरली होती. बोलत्या माणसापुढे ती काय करील, हे कोणी पाहिलंच नव्हतं. कोणीतरी आत जाऊन नुसतं "खा गं" म्हणा, एवढंच तिला सांगायचं होतं. पण ते सांगितलं तर का, हे सांगावं लागलं असतं. मग घार जन्मभर जाळीत राहिली असती, आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली असती. त्या वेळी तिची जीभ अडली नव्हती. तिने तोंडच उघडलं नाही.

घारीच्या पायात ओळखीसाठी हिरवं कडं घालून त्यांनी तिला तळ्याकाठच्या टेकडीवर सोडलं. ती आधी एका खडकावर बसली, मग वारा अंगाखाली घेऊन वर गेली, गोल फिरत गेली. सरडा तोंड फिरवून डोळे पुसत होता. गप्पी वर बघत राहिली. चुकून एक शब्द सुटू नये म्हणून तिने ओठ दाताखाली धरले होते. त्यानंतर रोज सकाळी छपरांवर घिरट्या घालणाऱ्या घारी दिसल्या की ती मान मोडेपर्यंत पाहायची. दिवस सरत गेले तशी तिची भीती विरत गेली. आपलं काही बिघडलं नाही, असं माणसाला फार लवकर पटतं.

मग एका दुपारी ते काठीवाले आजोबा कॉलेजात आले. त्यांच्या हातात टॉवेलाचं गाठोडं होतं आणि या खेपेला काठी नव्हती. पक्ष्यांच्या खोलीबाहेर गप्पी आणि मॅडम दोघी होत्या. आजोबांनी गप्पीला ओळखलं.

"बाळ, तूच सांगितलं होतंस ना, फोन करा म्हणून. पण फोन करायचं सुचलंच नाही गं." ते बाकावर बसले. मग त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं. सून अंगणात नातवाला भरवत होती. लाडीगोडीने, ये रे, घे रे, हा बघ घास, असं तिचं चाललं होतं. घार आली, भिंतीवर बसली, मग थेट पोराच्या ताटाशीच उतरली. सून किंचाळली. पोर रडायला लागलं. आजोबा आतून काठी घेऊन धावले.

"मला वाटलं, आता उडेल. काठी उगारली तरी ती हललीच नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, चोच उघडून. मला वाटलं पिसाळलीय, पोराचा डोळा काढील." त्यांनी गाठोडं मॅडमपुढे सरकवलं. "कुठला पक्षी असा उभा राहतो? तुम्हीच सांगा."

मॅडमनी टॉवेल सोडला. पायात हिरवं कडं होतं. पाठ मोडली होती आणि एक पंख भलत्याच दिशेला पडला होता, पण डोळा जिवंत होता. मॅडमनी पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि नियमाप्रमाणे तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. गप्पीला तो नियम आता पाळवेना. ती टॉवेलापाशी वाकली.

"खा गं," ती म्हणाली. "मी आहे. खा गं."

घारीने मान उचलली, मोठ्या कष्टाने, आणि चोच उघडली. एवढी मोठी झालेली घार पिल्लासारखी आ करून घासाची वाट बघत राहिली. मॅडमनी ते पाहिलं. आजोबांना त्यातलं काही समजलं नाही. पक्षी जगतोय असं वाटून त्यांनी हात जोडले. डॉक्टर येण्याआधीच ती मेली, आणि चोच तशीच उघडी राहिली.

आजोबांना मॅडमनी दोष दिला नाही. तुमच्या जागी कोणीही हेच केलं असतं, असं सांगून त्यांना चहा दिला आणि रिक्षापर्यंत पोचवलं. परत आल्या तेव्हा गप्पी भिंतीला पाठ लावून खाली बसली होती.

"म... म... मी..."

मॅडम थांबल्या. पुढचा शब्द त्यांनी दिला नाही. गप्पी कितीतरी वेळ त्या एका अक्षराशी झगडत राहिली.

"मी बो... बोलायचे तिच्याशी."

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या.

गप्पीने वर पाहिलं. मॅडम बाकावर बसल्या, आजोबा बसले होते तिथेच. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावलाच नाही. सुट्टीत एकदा खोलीची पाहणी करायला आल्या होत्या, म्हणाल्या. दाराशी पोचल्या तर आतून आवाज येत होता. आधी वाटलं, नवीनच कोणी मुलगी शिरली आहे; आता चांगलं फैलावर घेते म्हणून कडीला हात घातला.

"मग कळलं, तू आहेस. तू तिला पतंगाचं काहीतरी सांगत होतीस. एक अक्षर अडत नव्हतं तुझं, गप्पी. मी दार उघडलं असतं तर ते तिथेच संपलं असतं. मला नाही उघडवलं दार."

"आणि प... परीक्षा?"

"परीक्षेच्या वेळी मला बोलता आलं असतं," मॅडम म्हणाल्या. "मीही गप्पच राहिले."

म्हणजे कोणीतरी तराजू धरला होता. एका पारड्यात घार होती, दुसऱ्यात ती; आणि वजन तिच्या बाजूला पडलं होतं. जन्मभर माणसांनी तिच्यावर दया केली होती, पण आजवर त्या दयेने कोणाचा जीव घेतला नव्हता. मॅडमवर तिला रागावता येईना आणि त्यांच्या कुशीत शिरताही येईना. घारीला दोघींनी टेकडीच्या पायथ्याशी पुरलं. हिरवं कडं मॅडमनी काढून घेतलं, कारण ते पुढच्या पक्ष्याला लागणार होतं.

मंडळाच्या बैठकीत तिने सगळ्यांसमोर सांगितलं. फार वेळ लागला. वाक्य सुरू होऊन मध्येच बुडायचं, पुन्हा वर यायचं. सरड्याने एकदा मदतीला तोंड उघडलं, आणि त्याच्या स्वभावाच्या मानाने ही मोठीच गोष्ट म्हणायची, की त्याने ते मिटलं. सांगून झाल्यावर तिने किल्ली टेबलावर ठेवली. कोणी उचलेना. शेवटी मॅडमनी ती उचलली आणि पुन्हा तिच्याच पुढ्यात ठेवली.

घरी तिची जीभ पहिल्यासारखी अडायला लागली, पहिल्यापेक्षा थोडी जास्तच. आईने डॉक्टर केले, श्वासाचे व्यायाम करवले, देवाला बोल लावला. सभागृहातल्या त्या भाषणाचं चित्रण आईच्या मोबाइलमध्ये होतं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती ते बघायची, आवाज अगदी बारीक करून. गप्पीला ते दुकानाच्या मागच्या दारातून ऐकू यायचं. स्वतःचाच तो स्वच्छ आवाज सांगत असायचा, घारीला मारू नका, आम्हाला फोन करा. ती तशीच पाऊल मागे घेऊन गल्लीला वळसा घालायची.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा एक पिल्लू आलं. घारीचंच. या वेळी झाड तोडताना सापडलं होतं. सुट्टी होती, बोळ रिकामा होता, आणि पिल्लू खाईना. गप्पी चादर घेऊन आत बसली. चिमटा चोचीपुढे धरला की ते मान फिरवायचं. सकाळ गेली. तिच्या घशात दोन शब्द येऊन उभे राहिले, पूर्ण, न अडलेले. नुसतं तोंड उघडलं असतं तर आपसूक बाहेर पडले असते. आणि त्यांच्यामागे बाकीचे सगळे होते, वर्षभर कोंडलेले. तिने चादरीचं टोक दातात धरलं आणि हात तसाच पुढे ठेवला.

दुपार कलल्यावर पिल्लाने तुकडा ओढून घेतला. घेतला आणि फिस्कारून मागच्या कोपऱ्यात सरकलं, जितकं सरकता येईल तितकं. ते तिला भ्यालं होतं. अंग चोरून, पिसं फुलवून ते तिच्याकडे वैऱ्यासारखं बघत होतं.

गप्पी बाहेर आली. हलक्या हाताने दार लावलं, कडी घातली. चादरीचं टोक ओलं झालं होतं, ते तिने पिळून वाळत टाकलं. भी गं बाई, ती मनात म्हणाली, अशीच भीत राहा, आणि खूप जग. मनात म्हणताना ती कधीच अडखळत नसे.